पंखा बंद, कौल चालू

देवळात निर्माल्य साठतं तसे किस्से साठतात. रोज थोडं थोडं. टाकवत नाही आणि देवाला परत वाहताही येत नाही. मी गुरव, जन्म गेला निर्माल्य काढण्यात. फुलांचं निर्माल्य माडाच्या आळ्यात घालतो. माणसांचं कुठं घालायचं ते बापाने शिकवलं नाही! मग ते इथंच राहतं, मंडपाच्या कोपऱ्यात, आणि दुपारी वारा आला की त्याला वास येतो.

शाळेत मी गेलो नाही. फोनशी बोललं की फोन लिहितो, हे ऋतुजाने दाखवलं. ऋतुजा कोण ते पुढं येईलच. तुम्ही बसा. मधेच उठलात तर अर्धा तास पुरा व्हायचा नाही!

हा अर्धा तास कसला, तेही सांगतो.

आमचं गाव रत्नागिरीहून पावसला जाताना वाटेत आत लागतं. देऊळ आणि सरकारी आरोग्य केंद्र शेजारी शेजारी. मध्ये जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा. इकडं घंटा वाजली की तिकडं कळतं, तिकडं पोर रडलं की इकडं. शिमगा उरकला, कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या, आणि केंद्रात पोरींची लस सुरू झाली. बायकांना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो ना, तो पुढं होऊ नये म्हणून आधीच द्यायची. टोचून झालं की पोरीला अर्धा तास नजरेसमोर बसवायचं, असा नियम. आता केंद्राचा व्हरांडा पश्चिमेचा. दुपारी त्याच्यावर घावन भाजावं! डॉक्टरांनी गडग्यावरून आमच्या मंडपाकडं बघितलं. डॉक्टर तरुण, कोल्हापूरकडचे.

"काय आबा, पोरी बसल्या तर तुमच्या देवाला चालतंय काय?"

मी म्हटलं, "विचारतो."

कौल लावला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न घालायचा आणि गप्प बसायचं. पाणी सुकतं, पाकळी सुटते. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाय. कधी लगेच पडते, कधी अख्खी दुपार जाते. माझं काम वाट बघण्याचं.

केंद्रातल्या सिस्टरने गडग्याला टेकून हे सगळं बघितलं. म्हणाली, "आबा, तुमचं नि माझं काम एकच की! कापूस चिकटवायचा आणि बसून राहायचं."

उजवी पडली. पोरी आल्या.

*

पहिल्याच दिवशी सिस्टरने उभा पंखा आणून मंडपात ठेवला. उकाड्याने पोरींना चक्कर येऊ नये म्हणून. मान हलवणारा पंखा. एकदा पोरींकडं बघायचा, एकदा गाभाऱ्याकडं, जसा एखादा पाहुणा दोन्हीकडच्यांशी बोलतो.

त्याच वेळेला वसंता आला, विहिरीचा कौल घ्यायला. घरामागं खणू का नको? मी पाकळ्या लावल्या. वसंता हात जोडून, डोळे मिटून उभा. पंख्याने सावकाश मान वळवली...

दोन्ही पाकळ्या एकदम उडाल्या! डावी सिस्टरच्या केसांत जाऊन बसली. उजवी मंडप ओलांडून, गडगा ओलांडून केंद्राच्या पाण्याच्या टाकीखाली.

वसंता पाकळीमागोमाग गेला. टाकीखाली वाकून बघितलंन, परत आला, आणि मोठा श्वास सोडून म्हणाला, "आबा, देवाने पाणी दाखवलंन. पण सरकारच्या जागेत!"

तेव्हापासून मंडपात नियम झाला. मी पाकळ्या भिजवायला घेतल्या की बसलेल्यांपैकी एक पोरगी ओरडणार, "पंखा बंद, कौल चालू!" आणि दुसरी उठून बटण बंद करणार. मग सगळं शांत. इतकं शांत की लांबवर समुद्र श्वास घेतो तो ऐकू येतो.

*

आनंदीकाकी अशाच शांततेत आली. माझ्यापेक्षा बरीच लहान, पण गाव काकी म्हणतं म्हणून मीही काकी म्हणतो. बरोबर नात, ऋतुजा. चौदा पूर्ण झालेली. पंधरावा वाढदिवस आंबा उतरवायच्या दिवसांत.

ऋतुजाचा बाप, म्हणजे काकीचा मुलगा, बोटीवर असतो, परदेशी. आई शैला ह्याच रोगाने गेली. मुंबईला नेली होती. काकी शेवटपर्यंत तिच्या उशाशी. सलाइन, सुई, रक्त काढायचं, परत सुई. रोग काही डोळ्यांना दिसत नाही. काकीला दिसल्या त्या सुया.

"आबा," ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतो द्या. पोरगी म्हणते घेते. हिचा बाप फोनवर म्हणतो, आई म्हणेल तसं. आणि आईची जीभ उचलत नाय! सुई टोचलेलं माणूस वाचलेलं मी बघितलं नाय. देवाला विचारा."

सिस्टर जवळच होती. हळू आवाजात म्हणाली, "काकी, त्या सुया रोग झाल्यानंतरच्या. ही रोग यायच्या आधीची. झालेला रोग हिने बरा होत नाही, म्हणून तर लहानपणी द्यायची."

"कळतं गो," काकी म्हणाली. "कळून काय करू?"

पंखा बंद झाला. पाकळ्या लावल्या. उन्हाचा कवडसा खांबावरून उतरला, जमिनीवर आला, काकीच्या पदरावर चढला. पाकळ्या आहेत तिथंच. पोरींचा अर्धा तास संपला, त्या घरी गेल्या. सांजवातीची वेळ झाली तेव्हा मी पाकळ्या उतरवल्या. देव बोलला नाही. असं होतं कधी कधी. मग दुसऱ्या दिवशी विचारायचं.

जाता जाता ऋतुजाने मागं वळून विचारलं, "आबा, देवाला माझा वाढदिवस कधी ते सांगितलात ना?"

*

वाढदिवसाची घाई का, ते भागीआजीमुळे सगळ्या गावाला कळलं.

भागीआजी आमच्या गावातली सगळ्यात जुनी. लसीच्या दिवशी काठी टेकत आली आणि केंद्राच्या दारात हात पुढं करून उभी राहिली. "मला पण दे गो ती सुई."

सिस्टर म्हणाली, "आजी, ह्या लसीला वय असतं. नऊ ते चौदा सगळ्यात चांगलं. सरकारची फुकट मिळते ती चौदा पूर्ण झालेल्यांना, पंधरावा वाढदिवस यायच्या आत, आणि ती एकदाच टोचायची. पंधरा झाल्यावर काही दार बंद होत नाही, सव्वीसपर्यंत घेतात. पण मग रत्नागिरीला विकत, आणि एकाच्या जागी दोन-तीनदा टोचायला लागते. त्याच्या पुढं पंचेचाळीसपर्यंत डॉक्टरशी बोलून काय ते ठरवायचं."

"आणि माझ्या वयाला?"

"तुमच्या वयाला नाही. पण तिशीच्या पुढच्या बायकांनी तपासणी करून घ्यायची असते. लस घेतलेल्यांनीसुद्धा. तुमच्या सुनेला पाठवा."

भागीआजीने पुढं केलेला हात खाली घेतला. "चौदाव्या वर्षी माझ्या कडेवर पोर होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "सुई नाय तर नाय. मला अर्धा तास तरी दे!"

दिला. मंडपात खांबाला टेकून, पंख्यासमोर पाय पसरून बसली. नऊवारीचा पदर फडफडत होता. वेळ संपल्यावर सिस्टर सांगायला आली तर म्हणते, "एवढ्यात? घरात माझा अर्धा तास कुणी मोजलेलान नाय. इथं किती पटकन गेला!"

आता दर लसीच्या दिवशी येते.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आनंदीकाकी गडग्याशी उभी होती. तिने एवढंच विचारलं, "पंधरा झाली की जास्त सुया?"

सिस्टरने होय म्हणून मान हलवली. काकी मंडपात आली. परत कौल लावला. परत पाकळ्या चिकटून बसल्या.

*

आता एक घोटाळा सांगतो. असा घोटाळा आमच्याच गावात व्हायचा.

सुई तिकडं, बसायचं इकडं. इकडं म्हणजे देवळात. मग आयांनी पोरींना न्हायला घालून, नवे कपडे घालून आणि उपाशी पाठवायला सुरुवात केली! देवळात बसायचं म्हणजे उपास नको का? एक पोरगी हातात नारळ, उदबत्ती आणि पोटात काही नाही अशी आली. टोचून झालं, मंडपात बसली आणि हळूहळू खांबावर कलंडली. सिस्टरने तिला आडवं केलं, पाय उंच केले. पोरीने डोळे उघडले आणि म्हणाली, "सिस्टर, छत किती छान आहे हो!"

डॉक्टर तपासून म्हणाले, "काही नाही, रिकामं पोट आणि भीती. म्हणून तर बसवतोय." सिस्टरने गावभर निरोप धाडला, जेवून या. तरी माझाही एक नियम मी बदलला. प्रसाद आरतीनंतर देतात. मी दारातच गूळखोबरं घेऊन बसायला लागलो. आधी प्रसाद, मग सुई!

पण खरा घोटाळा पुढंच होता. काही पोरी येतच ना. घरी विचारावं तर आया म्हणत, "आज जमत नाय." मान खाली. सिस्टरला उलगडा झाला. ती म्हणाली, पाळी चालू असली तरी ही लस घेता येते, काही होत नाही. तेवढ्याने भागलं नाही. लस चालेल हो, पण मंडपात बसायचं कसं?

त्या दिवशी मंडपात सातआठ आया होत्या. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "आबा, ह्याचाच कौल लावा ना. आमचा देव स्वयंभू. कडक देव."

मी पाकळ्या हातात घेतल्या आणि खाली ठेवल्या. काही गोष्टी देवाला विचारून त्याला लाजवू नये, असं मला वाटलं. पण मला तसं नीट बोलता येईना. तेवढ्यात खांबाशी भागीआजी पेंगत होती, तिने डोळे न उघडताच विचारलंन,

"देव जमिनीतून वर आला, खरं. तू कुठून आलीस गो?"

पुढच्या वेळेला सगळ्या पोरी आल्या.

*

सुरेश मुंबईला असतो. आंब्याला म्हणून गावी आला आणि मोबाइलमधला व्हिडिओ दाखवत मंडपात फिरायला लागला. "बघा बघा! ही लस घेतली की पोरींना पुढं मुलं होत नाहीत. वहिनी, बघा तरी!"

बायका गोळा झाल्या. आनंदीकाकीही मान उंचावून बघायला लागली. व्हिडिओतला माणूस हातवारे करत होता, आता मुख्य गोष्ट सांगणार, एवढ्यात फोन बंद पडला. चार्जिंग संपलं!

मंडपात प्लग एकच, पंख्याचा. सुरेश तिकडं वळला तर पोरी पंख्याला वेढा घालून बसल्या. "काका, आमचा अर्धा तास चालू आहे!"

भागीआजी म्हणाली, "मेल्या, एवढी मोठी खबर, आणि तिला बॅटरी पुरली नाय?"

डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते गडग्यावर येऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, "भीती वाटली तर मला विचारा, फोनला नको. मुलंबाळं होण्याशी ह्या लसीचा काही संबंध नाही. हात दुखतो, एखादीला ताप येतो, डोकं दुखतं, दोन दिवसांत जातं. अंगात चांगला ताप असेल तर मी थांबवतो. आधी कुठल्या लसीनं अंगावर मोठं काही उठलं असेल, श्वास कोंडला असेल, तर ते आधी सांगायचं. म्हणून तर सिस्टर एवढे प्रश्न विचारते."

सुरेश म्हणाला, "आणि व्हिडिओत म्हणतात ते?"

ऋतुजा तिथंच होती. तिला सुई नव्हती, अर्धा तासही नव्हता, तरी ती दर वेळेला येऊन बसायची. ती म्हणाली, "काका, माझ्या आईला ही लस मिळाली नव्हती."

सुरेशने फोन खिशात घातला. मग तोही पंख्यासमोर बसला. काही वेळाने बघतो तर झोपलेला. मुंबईचं माणूस, किती दिवसांचं जागलेलं असेल!

*

पावसची एक सासू आमच्या देवाची भक्त. सुनेच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, पाळणा हलत नव्हता, म्हणून कौलाला आली. सून चोविसाची. सासू इकडं हात जोडून बसली, सून म्हणाली मी सिस्टरला विचारून येते, मला ती लस घेता येईल का.

इकडं मी पाकळ्या लावल्या. तिकडं सिस्टर सुनेला म्हणाली, "चोविसाव्या वर्षी घेता येते. रत्नागिरीला घ्यायला लागेल. पण आधी सांग, पाळी कधी आली होती?"

सून बोटं मोजायला लागली. मोजता मोजता थांबली. सिस्टर तिला तपासायला आत घेऊन गेली.

मंडपात पंखा बंद. सासूचे डोळे देवावर. आनंदीकाकी कोपऱ्यात. मी वाट बघतोय. आणि गडग्यापलीकडून सिस्टरची आरोळी आली, "आबाआआ! हिला लस आत्ता नाही! बाळंतपण झाल्यावर!"

मंडपात क्षणभर कुणालाच उमगलं नाही. मग सासू ताडकन उठली आणि मला म्हणाली, "आबा, काढा त्या पाकळ्या! देवाला उगाच ताटकळत ठेवू नका!"

पेढे आले ते आधी केंद्रात की आधी देवळात, यावर थोडी वादावादी झाली. शेवटी पुडा गडग्यावर ठेवला.

सून जाताना घाबरत घाबरत म्हणाली, "मग माझी लस राहिली."

"पळून जात नाय ती," सिस्टर म्हणाली. "बाळ अंगावर पीत असलं तरी घेता येते. ये तेव्हा."

*

कैऱ्या मोठ्या झाल्या. बागांतून आंबे उतरवायच्या झेल्यांचे बांबू दिसायला लागले, पेट्या ठोकल्याचा आवाज यायला लागला. ऋतुजाचा वाढदिवस जवळ आला. आनंदीकाकी दर लसीच्या दिवशी येत होती, कौल लावत होती, आणि देव काही बोलत नव्हता.

नुसतं बसून काय करायचं म्हणून काकी पोरींचं बघायला लागली. कोकमाचं सरबत आणायची. एखादी पांढरी पडली की पदराने वारा घालायची. "हात दुखेल हो आज. उद्या पण दुखेल. जात्यावर बसलीस असं समज. शेक नको नि मालीश नको." सिस्टरचं ऐकून ऐकून सगळं तिला पाठ झालं होतं. एखादी घाईने उठली की काकी तिचा फ्रॉक धरून खाली बसवायची. "मला काही होत नाहीये," पोरगी म्हणायची. काकी म्हणायची, "होत नाय हे कळायला पण अर्धा तास लागतो!"

नव्या आया तिलाच विचारायच्या. ती त्यांना धीर द्यायची. एकदा वरच्या वाडीतली एक आई म्हणाली, "काकी, तुमच्यामुळं माझा जीव भांड्यात पडला. तुमच्या नातीला दिलीत ना?"

काकी सरबताचा पेला विसळत राहिली. विसळलेलाच पेला परत विसळला.

डॉक्टरांना हे बघवेना. एका दुपारी ते गडगा ओलांडून माझ्याजवळ आले. इकडंतिकडं बघून म्हणाले, "आबा, एक सांगू? पुढच्या वेळी उजवी पाकळी जरा कमी भिजवा. डावी जरा जास्त. कुणाला काय कळतंय!"

मी म्हटलं, "डॉक्टर, तुमची लस त्या थंड पेटीत ठेवता. जरा ऊन दाखवलंत तर?"

"बाद होईल की."

"कौलाचं पण तसंच आहे."

डॉक्टर बसले. मंडपाची फरशी गार, वारा येत होता. त्यांनी गाभाऱ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तुमची पेटी लई मोठी हाय आबा. पण पोरीचा वाढदिवस जवळ आलाय."

तो मलाही ठाऊक होता. मला झोप लागत नव्हती.

*

आता शेवटचा.

वाढदिवसाच्या आधीचा लसीचा दिवस. पुढच्या वेळेला ऋतुजा पंधरा पूर्ण झालेली असणार, हे मंडपातल्या खांबांनाही ठाऊक होतं. उकाडा असा की झाडाची पानं हलत नव्हती. टोचून झालेल्या चारपाच पोरी बसल्या होत्या, भागीआजी बसली होती. गडग्यावर डॉक्टर आणि सिस्टर.

काकीने नारळ ठेवला. "आबा, लावा."

"पंखा बंद, कौल चालू," एक पोरगी म्हणाली. पण ओरडून नाही, हळूच.

पाकळ्या मी नेहमीसारख्याच भिजवल्या. दोन्ही सारख्या. लावल्या. बसलो.

वेळ कसा गेला सांगता येत नाही. होडी नांगरून ठेवली की पाणी खालून जातं आणि होडी तिथंच असते, तसं झालं. पोरींची डोकी एकमेकींच्या खांद्यावर पडली. समईची ज्योत सरळ. पाकळ्यांची कड सुकून वळायला लागली, तरी त्या सुटेनात. ऋतुजा आजीकडं बघत नव्हती, देवाकडंही नाही. आपल्या हातांकडं बघत होती.

आणि आनंदीकाकी उठली. सावकाश चालत पंख्यापाशी गेली. गावात असं कुणी केलेलं नाही. कौल लागलेला असताना तिने पंख्याचं बटण दाबलं.

पंखा हलला नाही.

तिने बटण अजून जोरात दाबलं. बसलेल्यांतली एक पोरगी अगदी हळू म्हणाली, "काकी, लाइट गेलीय."

कुणी हसलं नाही. भागीआजीसुद्धा नाही. काकी पंख्यावर हात ठेवून तशीच उभी, जसा गाईच्या पाठीवर ठेवावा. मग गाभाऱ्याकडं बघून म्हणाली, "बघितलंस ना? मला काय हवंय ते तुला कळलं. मला पण आत्ताच कळलं."

मग माझ्याकडं वळली. "आबा, पाकळ्या राहूदेत. त्याला सवड झाली की बोलेल. सिस्टरला सवड आत्ता आहे."

ऋतुजाचा हात धरून ती गडगा ओलांडून गेली. लस बर्फाच्या पेटीत होती, तिला लाइटशी काही देणंघेणं नाही. सिस्टरचा आवाज आला, "ताप वगैरे? जेवलीस का?"

काकी म्हणाली, "दर लसीच्या दिवशी मी हिला जेवायला घालूनच आणत होते."

मग सिस्टर म्हणाली, "झालं."

"झालं?" काकी म्हणाली. "एवढीच?"

दोघी परत आल्या, खांबाला टेकून बसल्या. ऋतुजाचा अर्धा तास सुरू झाला. काकी तिच्याकडं टक लावून बघत होती, कपाळाला हात लावत होती, नखं बघत होती. "गरगरतं का गो?" "नाय." "श्वास?" "आहे, आजी!" असं करता करता काकीची मान कलली. ज्या दंडाला टोचलं नव्हतं त्या बाजूच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिला झोप लागली. शैला गेल्यापासून ती कधी दिवसा झोपलेली मी बघितली नव्हती. तोंड थोडं उघडं, हातात ऋतुजाचं बोट.

लाइट आली. बटण तसंच दाबलेलं होतं. पंख्याने हळूच मान वळवली. पोरींकडं बघितलं. मग आजी-नातीकडं. काकीच्या पांढऱ्या केसांची एक बट उडाली, खाली बसली. मग पंखा गाभाऱ्याकडं वळला.

एक पाकळी पडली.

मी उठलो, सावकाश गेलो, ती उचलली आणि निर्माल्याच्या टोपलीत ठेवली. दुसरी तशीच होती, तीही काढून वर ठेवली.

ऋतुजाला वळून बघता येत नव्हतं, खांद्यावर आजीचं डोकं. तिने नुसते डोळे माझ्याकडं फिरवले. "आबा, पडली? कुठली?"

"हळू बोल," मी म्हटलं. "आजी झोपलीय."